शाळा सोडल्याचे कारण

महाड,
सोमवार, शाळा सुटल्यावर

प्रिय गोदाताई,

तू जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज तुला पहिलं पत्र लिहितेय. म्हणशील, बरी आठवण झाली! आठवण रोज होते गं, पण तुला सांगावं असं काही हाती नव्हतं. ते काल घडलं. काल मी आपल्या मास्तरांची भर सभेत जिरवली.

थांब, नीट सांगते.

मास्तर पेन्शनीत निघाले. गावाने निरोपाचा समारंभ ठरवला, शाल, श्रीफळ, हार, सगळं. नव्या हेडमास्तरांची मला चिठ्ठी आली, 'आपण या शाळेच्या विद्यार्थिनी, आज महाडला मुलींच्या शाळेत बाई आहात, आपण दोन शब्द बोलावेत अशी मास्तरांची इच्छा आहे.' मास्तरांची इच्छा! माझ्या शिक्षणात त्यांचा हात एवढाच, की चौथीपर्यंत त्यांनी मला हाकललं नाही. पुढे माझं लग्न झालं, नवरा तापाने गेला, कपाळ पांढरं झालं, आणि आता हिचं करायचं काय म्हणून आबांनी पुण्याला शिकायला धाडलं. मला कुणी घडवलं असेल तर त्या तापाने!

तरी मी जाणार होते, आणि चार गोड शब्दही बोलणार होते. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? भाषणात घालायला काही सापडेल म्हणून गेल्या आठवड्यात गावी जाऊन शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं. माझ्या नावाआधी दोन पानं तुझं नाव होतं. बापाचा धंदा, शिंपी. आणि शेवटच्या रकान्यात, 'शाळा सोडल्याचे कारण' याखाली, मास्तरांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'बुद्धी मंद.'

तुझी बुद्धी! मंद!

अगं, अर्धी शाळा औटकीत गटांगळ्या खायची, साडेतीनचा पाढा म्हटला की पोरांना घाम फुटायचा. तू भाकरी थापता थापता तो म्हणायचीस. मध्येच थांबून मला विचारायचीस, "सात औटे?" मी बोटं मोजत बसायचे. "साडेचोवीस, गाढवे!" आणि पिठाचा हात माझ्या गालाला. तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची होतीस.

आणि तो वालाचा धडा? वस्तुपाठाच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर वाल काढला आणि सगळ्यांकडून घोकून घेतलं, 'आधी कोंब वर येतो, मग मूळ खाली जाते.' सगळा वर्ग ओरडला, तू ओरडली नाहीस. बिरड्यासाठी आपल्या घरी आठवड्यातून दोनदा वाल भिजायचे, फडक्यात बांधून मोड यायचे, आणि ते सोलायचं काम तुझं नि माझं. एकदा न्हाणीमागे तू एक वाल मुद्दाम मोड वर करून पेरलास. रोज उकरून बघायचीस. मोड वळला आणि मातीत खाली शिरला. "हे मूळ आहे यमे, कोंब अजून यायचाय," म्हणालीस. मास्तर जन्मभर बिरडं खात आले, पण कधी सोलायला बसले होते? फडक्यातून डोकावतो तो मोड म्हणजेच कोंब, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग शाळा तपासायला दिपोटी इन्स्पेक्टर आले. त्यांनी विचारलं, "वालातून आधी काय बाहेर येतं?" पोरं एका सुरात म्हणाली, "कोंब!" दिपोटींच्या कपाळाला आठी पडली, आणि तू उठलीस. "साहेब, मूळ." न्हाणीमागची सगळी हकीकत सांगितलीस. दिपोटी म्हणाले, "मास्तर, ही पोर तुमच्यापेक्षा बरं शिकवील."

का बोललीस गं? दिपोटी घटकाभराचे पाहुणे, मास्तर रोजचे. एवढी हुशार तू, हे साधं गणित कसं चुकलीस?

आता लिहिते ते तुला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला. "घरी काय म्हणते तुझी ताई?" मी सात वर्षांची. मला वाटलं, लाड करतायत. सांगून टाकलं, "ताई म्हणते, मास्तरांना बिरडं सोलायला बसवायला हवं." आपण दोघी त्यावर पोट धरून हसलो होतो ना? मास्तर हसले नाहीत. संध्याकाळी आबांच्या दुकानात येऊन बसले. "पोरगी चारचौघांत मोठ्यांना खोटं पाडते. उद्या सासरचे नांदवतील का हिला?" आबांची कात्री कापडात थांबली. दुसऱ्या दिवसापासून तुझी शाळा बंद, दोन महिन्यांत तुझं लग्न झालं. तीन वर्षांनी तू बाळंतपणात गेलीस, बाळही गेलं.

तर काल पोलादपूरला मोटारीतून उतरून गावापर्यंत चालत गेले. भाषणाला लागेल म्हणून हेडमास्तरांकडून रजिस्टर मागून घेतलं. मास्तर फेटा बांधून मधोमध बसले होते. मी उभी राहिले आणि विचारलं, "मास्तर, माझी बहीण गोदावरी आठवते?"

"कोण गोदावरी?"

खरंच आठवत नव्हतं गं त्याला! तिथून माझ्या मनातलं अहो-जाहो संपलं. मी तो रकाना मोठ्याने वाचला. दिपोटी, आबांचं दुकान, तुझं बाळंतपण, सगळं सांगितलं. तर हा म्हणतो, "पुस्तकात होतं तेच शिकवलं. कोंबच आधी येतो."

अजूनही!

तेवढ्यात मागे बायकांत बसलेली त्याची बायको बोलली, "अवो, काय बोलताय? मूळच येतंय आधी. जल्मभर वाल सोलतेय मी. मला कधी इचारलंत?"

आधी बायका हसल्या, मग पुरुष हसले, मग पोरंसुद्धा. फेट्याखालचं तोंड एवढंसं झालं. ताई, त्या हशाचा घास मी तुझ्या वाटचाही खाल्ला. गोड लागला, अगदी गोड!

मी रजिस्टर आणि टाक त्याच्या पुढ्यात ठेवला. "खोडा ते."

हेडमास्तर पुढे धावले, "बाई, सरकारी दप्तर आहे!"

"खोटं लिहिलं तेव्हा काय घरचं होतं?"

त्याने खोडलं. मी म्हटलं, "आता खरं कारण लिहा." त्याने टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग लिहिलं, 'पटावरून नाव मी काढले.' खाली सही केली. मला जराही दया आली नाही.

मग सगळे एकेक करून त्याच्या पाया पडले. मी पडले नाही, सरळ बाहेर आले. दाराशी त्याच्या बायकोने माझा हात धरला. "यमू, म्हातारं मानूस हाय. आत रडतायत. माफ कर गो त्यांना."

त्या माउलीचा काय दोष? पण म्हटलं, "काकू, माफ करायचं ते ताईने. ती आता नाही."

परतीच्या मोटारीत वाटेतल्या कामथ्यापर्यंत मी खुशीत होते. मग माझेच शब्द माझ्यावर उलटले. त्याने विचारलं होतं, पण सांगितलं होतं मी. आणि मीही तुझी माफी कधी मागितली नाही. तू माहेरी यायचीस तेव्हा धीर झाला नाही, आणि नंतर तू राहिली नाहीस.

म्हणून वचन देते, ताई. त्याने मरताना निरोप धाडला तरी तुझ्या नावाने त्याला माफी मिळणार नाही. आणि तुझ्या नावाने ती मी मलाही कधी देणार नाही.

तुझी चुगलखोर बहीण,
यमू