पाडव्याआधीचं पाणी

१८ एप्रिल, सोम.
गावात दवंडी. दुष्काळ म्हणून नव्या जिल्ह्याचा नवा नियम: गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ कुणी नवी विहीर खोदायची नाही. पाडव्याआधी पाणी लागलेल्या मात्र चालू राहणार. म्हणजे थोरल्या जाऊबाईंची, अक्काची, सगळे धरून चाललेत, चालू. आमची कंबरभर खोदलेली, ती बंद. मधे नुसता बांध.

१९
सगळा राग ह्यांच्यावर. थांबलो कशासाठी, तर ह्यांचे गुरू, स्वामी, उदगीरहून येतील, पहिली कुदळ पुजतील, मग खोदू. ते आले उशिरा. अक्कानं स्वतःच नारळ फोडला नि गडी लावले. तेव्हा मी तिला गावभर नावं ठेवली. आता जळते आहे. माझ्याच वहीत लिहायला काय लाजायचं.

२१
अक्का घागर घेऊन आली. "शके, दुपारी मोटर लावते. तुझ्या मोसंबीला बी पाट सोड."
"हाव," म्हटलं. ती गेल्यावर घागर ओतून द्यावीशी वाटली. ओतली नाही. मोसंबी वाळून राहिलीय. पण मला तिचं नको, माझं हवं.

२४
उद्या तलाठी येणार, कुणाच्या विहिरीला कधी पाणी लागलं ते शेजाऱ्यांना विचारणार. अक्काला लागून शेजारी आम्हीच. पाडव्याला तिथं नुसता ओला मुरूम होता. पाणी दुसऱ्या दिवशी लागलं. तिनं साखर वाटली, मीही खाल्ली.
हे म्हणाले, "गप ऱ्हा. आपली बाग बी त्याच पाण्यावर हाय."
खरं आहे. तिची बंद झाली तर आमची झाडंही गेली. तरी वाटतं, जाऊ देत. दोघींचंही जाऊ दे.

२५
तलाठी आला तेव्हा हे बाजाराला गेलेले. "बाई, पाडव्याला पाणी होतं का?"
अक्का काठावर उभी. म्हणाली, "तिलाच इचारा. शकू खोटं बोलायची न्हाई."
मी म्हटलं, "मालक येऊ द्या."
"मालक कशाला? रोज शेतात तुम्ही असता. उद्या सकाळी येतो, तुमचंच लिहून घेतो."
दुपारी अक्कानं मोटर लावली, आमच्या बाजूचा पाट आधी सोडला. मी खोरं घेऊन आळ्याआळ्यात पाणी फिरवलं. पाय कितीतरी दिवसांनी गार झाले. आणि तसंच पाण्यात उभं राहून वाटत होतं, हिची विहीर बुजलेली बघायचीय मला.