गरम बोनेट

अब्बा, काल मला नागपूरच्या लॉ कॉलेजात मुलाखती घ्यायला बोलावलं होतं. वकील झाल्यावर गोरगरिबांचे खटले लढेन असं कबूल करणाऱ्यांची फी तिथे माफ होते, माझी झाली होती तशी. जागा एकच उरली होती आणि बाहेर बसले होते दोघं. तुम्हाला ही फीमाफी कधी पटलीच नाही. वणीच्या गॅरेजात ट्रकखालून डोकं बाहेर काढून तुम्ही विचारलं होतं, "फुकट काहून देऊन राह्यले? त्यायले काय भेटते?" कोळशाच्या एखाद्या ठेकेदाराचा पैसा असेल, पुढे त्याच्याविरुद्ध तू उभी राहू नयेस म्हणून, असा तुमचा होरा. मी तेव्हा चिडले होते. आता खाणीत जमीन गेलेल्यांचे खटले लढता लढता मीही कुणी काही देऊ केलं की आधी त्यामागे कुणाचा हात आहे ते बघते.

जुनी गाडी घेताना तुम्ही मालकाच्या बोलण्याकडे लक्षच द्यायचा नाहीत. आधी बोनेटवर हात ठेवायचात, गरम लागलं की परत फिरायचात. "आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवली यानं. गाडी थंड असली तं सुरूच होत नसन."

कालचा मुलगा असाच गरम होऊन आला. संविधान, वंचित, समाजाचं देणं, सगळं घडाघडा. मला संशय आला. मग आर्णीची मुलगी आली. गरिबांचेच खटले का, विचारल्यावर ती अडखळत म्हणाली, "खरं सांगू मॅडम? मले पहिले फी पाहिजे. खटल्याचं अजून समजत नाही. पण कबूल केलं तं करीन."

समितीतल्या बाकीच्यांनी नाकं मुरडली. मी भांडले आणि जागा तिला मिळवून दिली. खिडकीतून पाहिलं तर तो मुलगा चेहरा पाडून आवारात उभा होता, आणि त्याचे वडील त्याच्या पाठीवर हात ठेवून कोणतं उत्तर चुकलं ते विचारत होते. तेव्हा मला माझ्या मुलाखतीच्या दिवशीची आपली एसटी आठवली. देणाऱ्यावर तुमचा काडीचा भरवसा नव्हता, तरी वरोरा येईपर्यंत तुम्ही माझ्याकडून 'समाजाचं देणं' घोकून घेतलं होतंत.

आता तुम्ही नसताना हे पत्र पाठवणार कुठं, आणि पोचलं असतं तरी कुणी लिहायला लावलं, हेच तुम्ही आधी विचारलं असतंत. समितीत हे मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. तेव्हा माझ्या मुलाखतीला समोर आजच्या माझ्यासारखी कोणी बसली असती, तर तिनं मला परत पाठवलं असतं.