इंचभर सैन्याची वाटणी

मी, महेंद्र बारकू रोकडे, वय एकोणपन्नास, धंदा पेंटर, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, बुद्धाला वंदन करून हे मृत्युपत्र लिहितो. पुढच्या आठवड्यात मुंबईला हृदयाची झडप बदलायची आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दारू पाजलेली नाही की धमकावलेलं नाही. धमकावणारे थोरले बंधू नामादादा सध्या फक्त रुसलेले आहेत.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी संघरत्ना हिला. कोंबड्या आधीपासून तिच्याच. त्या माझं ऐकत नाहीत.

२. रस्त्याकडची खोली, म्हणजे माझं दुकान, ब्रश, भिंग व रंगांसकट मुलगी रश्मी हिला. दादाला ती त्याच्या बंटीसाठी हवी आहे. म्हणतो, "पोरगी लगीन होऊन जाईल, दुकान काय डोक्यावर घेऊन जाईल?" म्हणून कारण लिहितो.

बंटी ठाण्यात नोकरी करतो आणि मित्रांसोबत टेबलावर लढाई खेळतो. त्यातले प्लास्टिकचे इंचभर शिपाई आणि राक्षस त्याने माझ्याकडे रंगवायला आणले. मी ट्रकचा ऑइलपेंट फासला. सगळे भातलावणीतून आल्यासारखे दिसू लागले. मग रश्मीने सायबर कॅफेत शोधून मला शिकवलं: पातळ रंग खाचांत सोडायचा, मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवायचा. तरी चेहरे बिघडत. मी विहारातल्या मूर्ती रंगवत आलो. डोळे सगळ्यात शेवटी, हा माझा नेम. राक्षसांनाही तोच मान देत होतो आणि हात चुकला की झालेला चेहरा पुसत होतो. रश्मी म्हणाली, "पप्पा, यांच्यापुढं कुठं वंदना घ्यायचीय? डोळे आधी काढा, बाहेर गेलेलं अंगाच्या रंगानं झाका." तिने काढले, आणि राक्षस माझ्याकडे बघू लागला. तेव्हापासून सगळे डोळे तिचेच. बंटीला ठाऊक आहे. बापापुढे बोलत नाही.

३. नामादादाला माझी सायकल. ब्याण्णव सालापासून ती त्याच्याकडेच आहे. आता खुशाल वापरावी.

४. माझं बरंवाईट झाल्यास विहारात वंदना घ्यावी. मेहुणा मंगळू याच्या हातात माइक देऊ नये.

५. साक्षीदार म्हणून पहिली सही दादाची घ्यावी, म्हणजे पुढे "मला नाय सांगितलं" म्हणायला नको. तो नाही म्हणाला, तर पहिल्या जागेवर मंगळू सही करील.

ठिकाण: किन्हवली
दिनांक: ११ मार्च २००७
सही: महेंद्र बारकू रोकडे

आमच्यासमोर सही केली:
१. नामा बारकू रोकडे, किन्हवली
२. मंगळू गोमा शेलार, वैशाखरे

पहिल्या साक्षीदाराने स्वतः लिहिलेलं: मान्य नाय. पन वाचलंय, सही माझीच. खोलीचा पत्रा फुटलाय. पोरीला सांगा, मी बदलून देन.