फळीच्या पात्यास हरभऱ्याचे पाणी मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
पाटबंधारे उपविभाग, निंबढाणा,
जि. अकोला.

विषय : समुद्रावरील फळीच्या पात्याची वाहत्या कालव्यात दोन तास चाचणी घेण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपली नोटीस दि. २ डिसेंबर २०२४ (पीक उभे नसणे).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी जठारपेठेत फायबरच्या कुलर-टाक्या बनवतो. माझी मुलगी दीपमाला कर्नाटकच्या किनाऱ्यावर पोहणे शिकवते व लाटेवर फळी चालवण्याच्या स्पर्धांत उतरते. फळीच्या बुडाशी, मागच्या बाजूस, माशाच्या परासारखी तीन पाती असतात. ती नसली तर फळी नुसती घसरते. गेल्या मे महिन्यात ऐन वळणावर तिची फळी निसटली आणि खांदा निखळला. फोनवर म्हणाली, "बाबा, मांगचं पातं धरूनच नाई राहिलं. तुमी बनवून पाहा न." तेव्हापासून मी पाती बनवतो आहे.

२. अडचण अशी की, उभे पाते फळीला चटकन वळवते. पण वळण जोराचे झाले की पाणी पात्याच्या पाठीवरून सुटते, भोवरे होतात व पकड जाते. मागे कललेले पाते पकड सोडत नाही, मात्र वळायला जागा जास्त घेते. कड जाड ठेवली तर पाणी ओढून धरते, पातळ केली तर पाते थरथरते. नेमका कल किती, जाडी किती, हे साचलेल्या पाण्यात कळत नाही. माझ्याकडे अकरा टाक्या आहेत, सगळ्यांत पाहून झाले. फळी दोरीने बांधून प्रवाहात तिरपी धरायची आणि दोन ताणकाट्यांवर ओढ व पकड वाचायची, एवढेच काम आहे. पाणी जसेच्या तसे पुढे जाते.

३. पहिल्या वेळी मला पाणी मागणीचा नमुना नंबर सात भरण्यास सांगितले. माझे साळे चंदन यांचे शेत कालव्याला लागून आहे, त्या नावाने भरला. त्यातील 'पीक' हा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून मी 'पाते' लिहिले. लिपिक नीलमताई म्हणाल्या, "असं पीक यादीत नाई हो काका. हरभरा टाकून देऊ, रब्बीत चालून जाते." त्यांनी भल्यासाठीच केले, माझी तक्रार नाही. पाणी मंजूर झाले. मी फळी घेऊन पोचलो आणि मागोमाग मोजणीदार हरभरा मोजायला आले. 'पिकाऐवजी फळी आढळली' असा पंचनामा होऊन संदर्भ २ च्या नोटिशीने मंजुरी रद्द झाली.

दुसऱ्या अर्जास उत्तर आले की, होडीची परवानगी हे कार्यालय देत नाही. तिसरा मासेमारीच्या टेबलाकडे गेला. तेथून माशाची जात विचारण्यात आली. चौथ्याचे काय झाले, कोणालाच माहीत नाही. साहेब, मी थकलो आहे. अर्जात असे लिहू नये, पण लिहितो.

४. शेवटचे आवर्तन २८ फेब्रुवारीस बंद होते. पुढे कालवा कोरडा. दीपमालाची स्पर्धा मे महिन्यात आहे. नवीन पाते तपासून मिळाले नाही तर जुनेच लावून उतरणार, असे ती म्हणते. मला त्याची भीती वाटते.

५. सबब, नोटिशीतील त्रुटीची पूर्तता केली आहे. चंदन यांच्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) एका फुटक्या कुलर-टाकीत काळी माती भरून डिसेंबरातच हरभरा पेरला. पाणी मी घरून कॅनने नेतो, कालव्याचा थेंबही घेतलेला नाही. आता घाटे धरले आहेत. तरी तो वाळून जाण्याआधी मोजणीदारांना पाठवावे, ही विनंती.

दि. ३ फेब्रुवारी २०२५
अकोला

आपला थकलेला परंतु नम्र,
देवमन डोमाजी तायडे

सोबत :
१) पात्याचे मोजमाप.
२) उभ्या पिकाचा फोटो (टाकीसह).
३) मुलीच्या खांद्याचा एक्स-रे. हा पाहून परत द्यावा, डॉक्टरांनी पुन्हा मागितला आहे.