न कापलेली पानं

मेष्ट्रे, तुमच्या वाचनालयातलं एक पुस्तक गेले चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या शेजारी पडून आहे. जाडजूड प्रवासवर्णन. तुम्ही चढवलेलं छापील कापडाचं आवरण अजून शाबूत आहे, फक्त कडेचा रंग उडालाय. बाजूला भाजीची सुरी. रोज भाजी चिरून झाली की मी सुरी धुते, पुसते, पुस्तकाकडे बघते आणि सुरी जागेवर ठेवून देते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा तुम्हाला पत्र लिहिण्यात शहाणपणा नाही हे मला कळतं. पण मागच्या शनिवारी मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसमोर तुमच्याबद्दल खोटं बोलले, आणि येत्या शनिवारी ते खोटं भिंतीवर लागणार आहे. ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही उलट काही विचारणार नाही, ही मोठीच सोय आहे.

मंडी मोहल्ल्यातली ती माडीवरची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. खाली तुमच्या भावाचं कापडछपाईचं दुकान, तेव्हाच शेवटचे आचके देत असलेलं. वर दोन कपाटं, एक सतरंजी आणि रविवारी सकाळी दहाला जमणारी आम्ही आठ-दहा मुलं, सगळी आपल्या रंगाऱ्यांच्या घरांतली. घरात मराठी बोलायचो, त्यातही निम्मं कानडी. शाळा कानडी नाहीतर इंग्रजी. मराठी वाचायची वेळ कुणावर आलीच नव्हती. ही पोरं आपली भाषा वाचायला शिकणारच नाहीत या धास्तीनं तुम्ही शाळेतली मास्तरकी सांभाळून हा उद्योग मांडलात, आणि पोरांनी टिकावं म्हणून ठशांची युक्ती काढलीत. दुकानातले टवके उडालेले लाकडी ठसे परातीत मांडून तुम्ही म्हणालात, "एकेक उचला. हा तुमचा. पुस्तक पुरं झालं की मागच्या कोऱ्या पानावर मारायचा. सुम्ने, उगाच मारायचा नाही हां, पुरं वाचलं तरच!" मी कोयरी उचलली, टोकाशी टवका गेलेली. माझ्या शेजारच्या मुलीनं मोर घेतला. शाई तुमच्या स्वयंपाकघरात व्हायची. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून केलेला काळा रंग, त्यात चिंचोक्याची खळ. तुमच्या घरच्या बाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "अय्यो, ह्या मडक्याशेजारी मी सारू कसं करायचं?" तरी साडेअकराला उपिटाची परात वर यायचीच.

मला वाचता यायचं, पण फार हळू. एक पान म्हणजे अर्धा तास, आणि त्यातले चार शब्द तरी कळायचे नाहीत. बोलायला मात्र मी पहिल्यापासून तयार. माझ्या लवकरच लक्षात आलं की पहिली दहा पानं, शेवटची दोन आणि मागचा मजकूर वाचला की रविवारी उभं राहून छान बोलता येतं. तुम्ही डोळे मिटून, मान हलवत ऐकता. तुमचं ऐकून झालं की मी ठसा मारते. पहिल्या वेळी ठसा तिरका बसला, दुसऱ्या वेळी सरळ. दोन वर्षांत माझ्या एकेचाळीस कोयऱ्या झाल्या. त्यातल्या खऱ्या दहा धरा. बारा नक्की नाहीत. मोरवालीचे मोर नऊ. ती ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, अडलेला शब्द वहीत उतरवायची आणि अर्थ सांगेपर्यंत तुमची पाठ सोडायची नाही. एकदा तुम्ही सगळ्यांदेखत तिची चेष्टा केलीत, "काय गं, तुझा मोर पावसाची वाट बघत बसलाय काय?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

या प्रवासवर्णनावर मी इतकं झोकात बोलले होते की त्याच रविवारी ते मोरवालीनं मागून घेतलं. पुढच्या रविवारी तिनं मला जिन्यात गाठलं. ते पुस्तक छापखान्यातून कडा न कापताच आलं होतं. पानं घडीतच जोडलेली. वाचायचं तर सुरीनं एकेक घडी सोडवावी लागते. मी सुरुवातीची सोडवली होती आणि अगदी शेवटची. मधलं सगळं बंद होतं. तिनं एक बंद पान दोन बोटांनी फाकवलं, लिफाफ्यात डोकावावं तसं आत बघितलं आणि मला विचारलं, "हे वाचलीस काय तू?" मी म्हणाले, "वाचलं की. तू काप आणि ने, त्यात काय?" तिनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "बेडा, नको. आधी तू काप, मग मी नेते." एवढंच बोलली आणि वर जाऊन आपल्या जागी बसली. मी दिवसभर वाट बघत होते, आता सांगेल, मग सांगेल. तिनं तुम्हाला सांगितलं नाही. मी पुस्तक कपाटात मागच्या रांगेत सारलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीआधी तुम्ही ठसे मोजलेत आणि कपाटाची किल्ली मला दिलीत. किल्ली म्हणजे नुसता मान नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. किल्ली मिळालेल्या पोरीच्या घरी तुम्ही स्वतः जायचात, तिच्या वडलांसमोर बसायचात आणि तिला पुढे शिकवायचं कबूल करून घेतल्याशिवाय उठायचा नाहीत. तुम्ही माझ्या घरी आलात. मोरवालीच्या घरीही गेलात, पण ती यायची बंद झाल्यावर, का येत नाही ते विचारायला. परत आल्यावर म्हणालात, "शिवणाच्या क्लासला घातलंय म्हणे," आणि बराच वेळ तिची नऊ पुस्तकं उगाच वरखाली करत राहिलात. तिची शब्दांची वही वाचनालयातच राहिली होती. मी तेव्हा बोलले असते तर? तुम्ही रागावला असतात, कदाचित किल्ली काढून तिला दिली असतीत आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडलांसमोर जाऊन बसला असतात. माझ्या वडलांनीही मला शिकवलंच असतं, त्यांच्यात तेवढी ऐपत आणि हौस होती. तिला मात्र तुमची गरज होती. हे मला पंधराव्या वर्षीही कळत होतं, म्हणून वयाची ढाल पुढे करत नाही.

ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमासाठी तुम्ही मला शिफारसपत्र दिलंत, त्यात लिहिलंत, 'ही मुलगी पान न् पान वाचते.' त्या ओळीवर माझी आजवरची भाकरी चालली आहे. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही आजारी पडलात. भेटायला आले तर उशीला टेकून बसला होतात आणि तब्येतीचं काही बोलायच्या आधी विचारलंत, "हल्ली काय वाचतेस?" मी एका पुस्तकाचं नाव सांगितलं. तेही मी पुरं केलेलं नव्हतं.

आता मी जयलक्ष्मीपुरमच्या एका खाजगी वाचनालयात आहे. वरच्या मजल्यावर बारा ते सतरा वयाच्या मुलांचा विभाग, तो माझा. दर शनिवारी वीसेक मुलं येतात. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्यांची बरीच, आपल्या जुन्या घरांतली थोडी. वाचन होतं, वाद होतात, कधी सहल. गेल्या वर्षी तलकाडच्या वाळूत बसून गोष्टी वाचल्या. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या सुनेनं तुमची ट्रंक आमच्याकडे पाठवली. नोंदवही वाळवीनं खाल्ली होती, पुस्तकं तेवढी बचावली होती. मुलं ठशांवर अशी काही खूश झाली की त्यांनीच प्रदर्शन ठरवलं. मंडी मोहल्ल्यातलं वाचनालय आणि त्याचे वाचक. यात पुढे आहे ती तीन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेली एक मुलगी, चुणचुणीत, प्रश्न विचारताना समोरच्याकडे रोखून बघणारी. मागच्या शनिवारी तिच्याच हाताला हे पुस्तक लागलं. "मॅम, हे बघा ना, मधली पानं कापलेलीच नाहीत. मग वाचल्याचा ठसा कुणी मारला?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मेष्ट्रे, मी क्षणाचाही विचार न करता, हसत हसत म्हणाले, "कोण जाणे. वाचनालय जोरात चाललंय असं दिसावं म्हणून मेष्ट्रेच मारत असतील एखादा." मुलगी म्हणाली, "म्हणजे फेक रिव्ह्यूज!" पोरं खो खो हसली. संध्याकाळपर्यंत जांभळ्या स्केचपेननं तक्त्यावर ओळ आली, 'काही ठसे संस्थापकांनी स्वतःच मारले असावेत.' मी शुद्धलेखन तपासलं आणि 'छान' म्हटलं. घरी निघताना पुस्तक तेवढं पिशवीत घालून आणलं.

शाळेत असताना मी तुम्हाला फसवलं, ते एका घाबरलेल्या पोरीचं फसवणं होतं, असं स्वतःला समजावता येतं. परवाचं खोटं त्याहून वाईट आहे. ते बोलताना मला कुणाचीच भीती नव्हती, नुसती सवय होती. नाशिकच्या त्या मुलीनं एका मैत्रिणीकरवी ठशांचे फोटो आपल्या रंगाऱ्यांच्या जुन्या घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. मोराखाली अर्ध्या तासात उत्तर आलं, 'हा माझ्या आईचा!' कोयरीखाली कुणाचंच उत्तर नाही. त्या ग्रुपमध्ये मी आहे. टवका गेलेली ती कोयरी माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. मुलांनी मोरवालीला शनिवारी पाहुणी म्हणून बोलावलंय. ती तक्ता वाचेल. ते ठसे मी न वाचताच मारले हे माझ्याखेरीज फक्त तिला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही.

काल हे पत्र घडी करून पुस्तकातल्या एका बंद पानात सरकवून बघितलं. नीट बसतं. मनात आलं, शनिवारी पुस्तक त्या मुलीच्या हातात द्यावं. ती कापेल, तिला कळेल, मला बोलावं लागणार नाही. मग 'आधी तू काप' आठवलं आणि पत्र काढून घेतलं. शनिवारी पुस्तक, सुरी आणि कोयरी टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं, असं मी ठरवलं. रात्री झोपही चांगली लागली.

आज दुपारी त्या मुलीचा फोन आला. "मॅम, मोरवाल्या काकूंना यायचंय हो खूप, पण गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. काय करूया?" मी म्हणाले, "अरेरे. मग राहू दे, त्यांना फोटो पाठवू." फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं, मेष्ट्रे. शनिवारी आमचा खालचा हॉल रिकामा आहे. त्याची किल्ली माझ्याकडेच असते, आणि हे मी तिला सांगितलं नाही.