आबांच्या पुड्या

निरवांगी, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५

आबांची ही भूक मला खरी वाटत नाही. पोटाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय, महिनाभर पेजसुद्धा जात नव्हती, आणि तीन आठवड्यांपासून अख्खी भाकरी? दादा म्हणतो, त्यानं आणलेल्या वैद्याच्या पुड्यांचा गुण. मग गाल असे का फुगलेत? हातपाय काड्या आणि तोंड तेवढं भरलेलं.

आज दादाला न सांगता एक पुडी घेऊन बारामतीला आबांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही आधी गालांचंच विचारलं. म्हणाले, "यात स्टिरॉइड असणार. कॅन्सरमुळं अंगात दाह होतो, त्यानं भूक मरते, गळून जायला होतं. स्टिरॉइडनं दाह दबतो. गाठ आहे तशीच राहते." एकदम बंद करणं धोक्याचं, म्हणून पुड्यांऐवजी त्याच औषधाच्या मोजून गोळ्या दिल्या.

संध्याकाळी दादाला सांगितलं तर भडकलाच. "तुला आबा बरं झाल्यालं बघवत न्हाय व्हय?" वहिनी खाली मान घालून भाकरी थापत राहिली. तिला आधीच संशय आला होता का?

आबा आतून सगळं ऐकत होते. मला बोलावलं.

"त्या गोळीनं बी घास जाईल न्हवं?"

"जाईल आबा. काही दिवस."

"मंग ती दे. अन् थोरल्याला बोलू नगंस. लई पळलाय त्यो माझ्यासाठी."

मग त्यांनी दादाला हाक मारून शेजारी जेवायला बसवलं, आपली अर्धी भाकरी मोडून दिली. दादानं ती घेतली. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.