पत्रात न्हाय ती हाक

सोमवार, १२ ऑगस्ट १९७४, सांजचं

आमचे भाडेकरू इंग्रजीचे मास्तर हायेत. आज सांगत हुते, स्कॉटलंडची माणसं आधी कचेरीतसुदिक आपल्याच बोलीत लिवायची. पुढं लंडनसारखं लिवायला लागली, घरात मातर जुनंच बोलायची. मी म्हटलं, "मास्तर, तुमी बायकोसंगटबी पुस्तकातलंच बोलता, म्हणून ती म्हायेरी पळाली की." हसले बिचारे.

मग ट्रंकेतनं ह्यांची मिल्ट्रीतली पत्रं काढली. ह्यांना जाऊन तीन वर्सं झाली. घरात मला 'ए खुळे' म्हणायचे. पत्रात सगळीकडं 'सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद'. समदी वाचली. एकातबी खुळे न्हाय.

आता मीच हितं लिवते. ए खुळे, जेवलीस का?

न्हाय अजून.